डावा पाय

मी पायाळू. आईच्या पोटातून पाय पुढे करून आले, आणि मोशी गावाने ते मला कधी विसरू दिलं नाही. कुणाची कंबर धरली, कुणाला उसण भरली, की माणूस आमच्या अंगणात येऊन पालथा पडायचा. मी डाव्या टाचेने त्याच्या कमरेवर तीन लाथा द्यायच्या. देणारीने बोलायचं नाही, घेणाऱ्याने उठून मागे न बघता चालू लागायचं. उद्धवराव पाटील समोरून आले की आम्ही बायका पदर सावरून भिंतीला चिकटायचो, तेसुद्धा पागोटं काढून माझ्या पायाखाली पडले होते. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. पाटलांना मी एक लाथ जास्तच दिली.

विजा चमकायला लागल्या की माझी सासू गवराबाई मला गोठ्यात नेऊन बसवायची. पायाळूवर वीज पडते म्हणतात. "तुज्यापायी आमी समदे कशाला मरू?" असं तोंडावर म्हणायची. वीज ओसरली की मीच चूल पेटवायची.

अख्ख्या गावात एकच पाठ मला बंद होती, ती माझ्या नवऱ्याची. ह्यांचं नाव बिरू. तेव्हा घेत नव्हते, आता घेते.

ह्यांना बसता येत नव्हतं. चालता यायचं, उभं राहता यायचं, पालथं झोपता यायचं. पण जरा टेकले की माकडहाडाच्या वर आग पडायची आणि मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरायची. पंगतीत सगळे मांडी घालून बसायचे आणि हे खांबाशी ताट हातात घेऊन उभे. लोक हसायचे, हेही हसायचे. मी एकदा सासूला म्हणाले, "माजा पाय लावून बघू का?" तिने ताक घुसळता घुसळता रवी थांबवली.

"नवऱ्याला लाथ? नरकात जाशील, आन त्यालाबी नेशील."

पुढे पिंपरीला कारखाना उभा राहिला आणि ह्यांना फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. काम आठ तास उभं राहण्याचं. बाकीचे पहारेकरी संधी मिळाली की स्टुलावर टेकायचे, हे कधी टेकले नाहीत. साहेबाने चारचौघांत कौतुक केलं. सायकलवर बसवत नाही म्हणून रोज मोशीहून पायी जायचे, त्याचंही कौतुक. शेवटी कारखान्याच्या डॉक्टरने एक दिवस विचारलं, "तू बसत का नाहीस रे?" सहा वर्षांत हे विचारणारा तो पहिला. त्याने चिठ्ठी देऊन पुण्याच्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या सर्जनने ह्यांच्या पाठीत सुई घालून रंगाचं औषध सोडलं, टेबल वरखाली तिरकं केलं आणि फोटो काढले. मग मला आणि सासूला बोलावून काचेवर फोटो धरला. माकडहाडाच्या वरच्या हाडात, शिरेच्या मुळाशी, बोराएवढी पाण्याची पिशवी होती. बसलं की ती शीर दाबायची. "असा रोगी मी आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता," तो म्हणाला. माणूस साधा होता. हातचं राखून बोलला नाही. उघडून बघतो, जमेल असं वाटतं, खात्री देत नाही, एवढंच म्हणाला. सासूने रडत कागदावर अंगठा उठवला.

त्याच व्हरांड्यात चऱ्होलीची छबूबाई भेटली. ह्यांच्यासारखीच उभी. तिचाही फोटो निघाला होता, तिलाही तसलीच पिशवी. सर्जनने तिला सांगितलं होतं, "हा पेशंट बसायला लागला की तुमचं ऑपरेशन करू." ती रोज ह्यांच्या खाटेशी यायची आणि विचारायची, "दादा, बरं पडतंय का?" मला तिचा रागच यायचा.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे हे पालथे होते. घरी सोडताना सर्जन मला म्हणाला, "बाई, नीट ऐका. पिशवी काढायला वरचं हाड काढावं लागलं. आता तिथे नुसतं कातडं आणि मांस आहे, आत बारीक टाके आहेत. सहा महिने तिथे दाब नाही, धक्का नाही. शीर कित्येक वर्षं दबली होती, ती हळूहळू सुटेल. घाई करू नका."

मी मान हलवली. आणि पाळलंही. ह्यांना बैलगाडीत बसू दिलं नाही, विहिरीवर जाऊ दिलं नाही, पोरांना जवळ फिरकू दिलं नाही. माझा पायही धक्क्यातच धरायचा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. धक्का म्हणजे गाडीचा, बैलाचा, पडल्याचा. माझा पाय म्हणजे औषध.

पाचव्या आठवड्यात हे घोंगडीच्या घडीवर बसून अर्धी भाकरी खाऊन उठले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण पोटरीतली कळ जाईना, आणि पिंपरीपर्यंत चालणं तर लांबच. कारखान्याने जागा दसऱ्यापर्यंत ठेवली होती. दसरा पंधरा दिवसांवर आला आणि सासूचा धीर सुटला.

"डाक्टरनं सुरी चालवली तवा काय बाटलं न्हाई," ती म्हणाली. "मंग बायकूच्या पायानं काय बाटतंय? लाव तुजा पाय."

"आई, नगं," हे म्हणाले. मग मला म्हणाले, "ठके, तू बघ बाई. मला कामाव जायचंय."

मी थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं मला ह्यांच्या पाठीपासून लांब ठेवलं होतं, आणि आता सासू स्वतःच्या तोंडाने मागत होती. ह्यांना मी बरं करावं, माझ्या पायाने करावं, त्या परक्या माणसाच्या सुरीने नाही, अशी हाव सुटली मला. भर दुपारी अंगणात घोंगडी टाकली. आधी ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली. मग टाच उचलली. हळूच दिल्या, तरी तीन दिल्या. तिसरीला टाच आत गेली. दुसऱ्या कुणाच्याही पाठीत ती अशी कधी गेली नव्हती.

"पाठीत आतून ऊन ऊन लागतंय," हे म्हणाले. गुण आला म्हणून सासूने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पाठीवरची पट्टी ओली होती. रक्त नाही, पू नाही, नुसतं स्वच्छ पाणी. ह्यांना मान उचलवेना इतकं डोकं ठणकत होतं. तिसऱ्या दिवशी पावलं लुळी पडली आणि अंथरूण ओलं झालं, ते ह्यांना कळलंही नाही.

पुण्यात पुन्हा उघडलं, आतले उसवलेले टाके पुन्हा घातले. पावलं परत आली नाहीत, लघवीचा ताबाही आला नाही. सर्जनने आम्हा तिघांना विचारलं, "कुठे पडले होते का? मार लागला? काहीही असू दे, खरं सांगा. मला पुढच्या पेशंटसाठी माहीत हवं."

सासूने माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई साहेब," हे म्हणाले. "कायबी झालं न्हाई."

सर्जन खाटेशी उभाच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझेच टाके टिकले नाहीत. मला माफ करा." त्याने माझ्यापुढे हात जोडले आणि मी ते जोडू दिले.

गाव त्याला आजही शिव्या घालतं. चांगला चालता माणूस सुरीने लुळा केला म्हणतात. माझ्याकडे कंबर दाखवायला लोक पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले.

दिवाळीनंतर छबूबाई आली. चऱ्होलीहून चालत, घामाघूम. सासूने बसायला घोंगडी टाकली आणि मग जीभ चावली.

"डाक्टर न्हाई म्हनला," छबूबाई म्हणाली. "ते आपरेशन आता कुनाचंच करनार न्हाई म्हनला. दादांचं तसं झालं ना. आता तुजाच पाय हाय बघ मला."

आतून हे खोकले. जागे होते, सगळं ऐकत होते.

तिला दोनच वाक्यं सांगायची होती. डॉक्टरचं काही चुकलं नाही, मी लाथ मारली. जा आणि त्याला हे सांग. ओठांपर्यंत आलं होतं. सासू दारात उभी होती, शेजारच्या दोघी कुंपणापाशी होत्या.

"माजा पाय उतरला गं," मी म्हणाले. "आता गुन येत न्हाई."

तिने वाद घातला नाही. उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि चऱ्होलीच्या वाटेला लागली. कमरेवर हात ठेवून, सावकाश चालत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.