पुढे काढलेला ओटा

"बघा, थेंब आत शिरतोय," नर्सताई म्हणाल्या. काँक्रीटच्या ओट्यावर त्यांनी बोटाने पाणी सोडलं होतं. थेंब टिकला नाही, त्याच्या जागी काळसर डाग उमटला. "म्हणजे वरचा सीलरचा थर संपला. तुम्हीच शिकवलंत."

मिस्त्रीने मान डोलावली. त्याचं लक्ष थेंबाकडे नव्हतंच.

ताई त्या ओट्याला डोळ्यांत तेल घालून जपत. लिंबू चिरलं की लगेच पुसायचं, तापलेलं भांडं फळीवरच ठेवायचं, अधूनमधून मेणाचा हात. वर्षातून एकदा मिस्त्री सीलर लावायला यायचा, तोही न बोलावता. "असा माणूस शोधून सापडायचा नाही," असं ताई सगळ्यांना सांगत. तो का येतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

ताईंचे यजमान, म्हणजे दादा, पूर्वी बस चालवायचे. अपघातानंतर त्यांना कमरेखालचं काही कळेनासं झालं. त्यांची चाकाची खुर्ची आत सरकावी म्हणून चार वर्षांपूर्वी मिस्त्रीने ओट्याचं एक टोक दीड हात पुढे काढलं होतं, खाली पाय न देता. ते काम तो मिरवायचा. पुढे दोन वर्षांनी एका मोठ्या बांधकामावर इंजिनिअरने त्याला हटकलं, "अहो, अधांतरी भागात सळ्या वरच्या अंगाला लागतात. खाली घातल्यात तर असून नसून सारख्या."

मिस्त्रीने त्या खालीच घातल्या होत्या. पण बोलला मात्र नाही. बोललो तर नाव गेलं. आणि ओटा टिकलाय की अजून, अशी तो मनाची समजूत घालत आला.

आज त्याने अंगठा फिरवला आणि नख अडकलं. टोक जिथून पुढे निघत होतं, तिथे आडवी रेघ होती. केसाएवढी. मागच्या वर्षी ती नव्हती.

तेवढ्यात दादा खुर्ची ढकलत आले, मांडीवर काकड्यांचं ताट. त्यांचे गुडघे ओट्याखाली गेले, दोन्ही कोपरं कडेवर टेकली.

मिस्त्री घाईने पुढे झाला. "दादा, जरा मागे घ्या. काम करायचंय."

"करा की. पायावर काही सांडलं तरी मला कुठे कळणार आहे?" दादा हसले, पण मागे सरकले.

मिस्त्रीने सिमेंटचा पातळ लगदा कालवला, रेघेत भरला, कडा घासल्या. रेघ दिसेनाशी झाली.

"आज हे वाळू दे. उद्या सीलर लावतो," तो म्हणाला. "तोवर इथे बसू नका."

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांची ड्यूटीची वेळ झाली होती.

बाहेर पायरीवर त्याने एक चप्पल घातली. दुसरी घालताना आतून चाकांचा आवाज आला. सवयीचा माणूस तो, सवयीच्या जागी निघाला होता.

मिस्त्री एका चपलेनिशीच आत धावला. खुर्चीच्या मुठी धरून त्याने दादांना मागे ओढलं. काकड्या घरभर घरंगळल्या.

"अहो, झालं काय?" ड्यूटीला निघालेल्या ताई आतून धावत आल्या.

त्याने सगळं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात. सळ्या, इंजिनिअर, भरलेली रेघ.

"दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मी रोज यांना तिथे बसवून जायचे. म्हणायचे, इथे आहेत ना, मग मला घोर नाही."

मग दादा म्हणाले, "पाडा ते. आत्ताच. माझ्यासमोर."

मिस्त्रीने रेघेवर छिन्नी धरली. दहा-बारा घाव लागतील असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्याच घावाला टोक सुटलं. खालच्या दोन फरश्यांचा चुरा झाला आणि कपाटातली भांडी खणखणली. धूळ बसेपर्यंत तिघं त्या फरश्यांकडे बघत राहिले. दादांचा हात नकळत गुडघ्यावर गेला होता.

"नवं करून देतो," मिस्त्री कसाबसा म्हणाला. "नीट. तुम्ही म्हणाल त्या इंजिनिअरला दाखवून."

ताई त्याच्याकडे बघत होत्या, वॉर्डातल्या पेशंटकडे बघावं तशा.

"असे आणखी किती केलेत?"

त्याला वाटलं होतं, हा प्रश्न कुणाला सुचणार नाही.

"तीन."

"मग इथे काय उभे आहात?"

भर उन्हात तो निघाला. पहिलं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दारापर्यंत जाताना तीनदा थांबला. खिडकीतून स्वयंपाकघरातले आवाज येत होते. कुणीतरी ओट्यावर एकेक ताट मांडत होतं आणि एक बाई कुणाला तरी म्हणत होती, "हातातलं ठेव आणि बस बघू आधी."

मिस्त्रीने शर्टाला हात पुसले आणि बेल दाबली.