एकशे चार ठोके

माझे झाकण आता पुरते मिटत नाही आणि माझ्या दोन कळा गळून पडल्या आहेत. तेव्हा मी एक जुना लॅपटॉप आहे हे वेगळे सांगायला नको. मित्रांनो, उद्या मी एका नव्या जागी जाणार आहे. त्याआधी माझी हकिकत कुणाच्या तरी कानावर घालावी असे फार वाटते.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत घडले ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते दुकानातले काचेचे कपाट. तिथे मी चार महिने धूळ खात होतो. एक दिवस एक बाई आल्या. त्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, गाणी जुळवायचे डीजेचे सॉफ्टवेअर यावर चालेल का. चालेल म्हणताच त्या मला घेऊन गेल्या.

या बाई स्केटिंगच्या हॉलमध्ये गाणी वाजवत. हॉलमध्ये येणारी लहानथोर मंडळी त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणेन. हॉल मोठा होता, जमीन लाकडी फळ्यांची, खिडक्या उंच. दुपारी दोन ते सहा लोक चाकांचे बूट घालून तिथे गोल गोल फिरत. एका टोकाला उंच ओटा, त्यावर टेबल, आणि टेबलावर मी.

माझ्याआधी त्या टेबलाशी ताईंचा मोठा भाऊ बसत असे. त्याला सगळे दादा म्हणत. चोवीस वर्षे त्याने तिथे गाणी वाजवली, तीही माझ्यासारख्या कुणाच्या मदतीवाचून. एक गाणे हॉलमध्ये चालू असताना पुढचे तो एका कानाला हेडफोन लावून ऐके, टेबलावर बोटाने ठोके मोजी, आणि दोन गाणी अशी सांधी की फिरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. एका दुपारी तो बसल्या जागीच गेला. नेमका केव्हा, ते कुणालाच कळले नाही. गाणे लांबलचक होते. ते संपले, पुढचे सुरू झाले नाही, तेव्हा लोकांनी वर पाहिले. तोवर सगळे फिरतच होते.

दादाची जागा ताईंनी घेतली, पण दादाचा कान काही त्यांना मिळाला नाही. गाण्यांच्या सांध्यावर ठोक्यांत ठोके अडकत आणि खाली कुणीतरी हमखास आपटे. म्हणून मला आणले.

माझे काम थोडक्यात सांगतो. माझ्या पडद्यावर एक गाणे डावीकडे आणि दुसरे उजवीकडे लाटांसारखे दिसे. प्रत्येक ठोक्यावर मी एक बारीक उभी रेघ मारी आणि मिनिटाला किती ठोके पडतात ते लिही. गाणे कोणत्या पट्टीत आहे तेही सांगे, म्हणजे एकमेकांशी न पटणारे सूर शेजारी येऊ नयेत. ताईंनी सिंकची कळ दाबली की दोन्ही गाणी एका वेगाने चालू लागत आणि रेघेवर रेघ बसे. पहिल्याच आठवड्यात पडणे-झडणे थांबले. हॉलच्या मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. ताई चहाचा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवत आणि घरी निघताना मला मऊ फडक्याने पुसत. खरेच, सुखाचे दिवस होते ते.

ताईंच्या आई रोज त्यांच्याबरोबर येत. मुलगा गेल्यापासून त्यांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन त्या बसत आणि ओट्याकडे बघत राहत.

पुढे ताईंनी दादाच्या जुन्या कॅसेट माझ्यात उतरवायला घेतल्या. शेवटच्या कॅसेटवर काही लिहिलेले नव्हते. तिच्यात गाणे नव्हतेच. लांबवर चाकांची घरघर होती, आणि अगदी जवळ, टेबलावर बोटाने दिलेले ठोके. मधूनच दादा एक सूर गुणगुणे. एकच, लांब. ताई डोळे पुसत ऐकत होत्या आणि मी मोजत होतो. मिनिटाला एकशे चार. मित्रांनो, माणसाचे बोट थोडेफार मागेपुढे होतेच. हे झाले नाही. पाऊण तासात एक रेघ केसभर सरकली नाही. फीत संपून कॅसेट थांबली, तरी माझ्या पडद्यावर आणखी सात रेघा उमटल्या. ताई तेव्हा रुमाल शोधत होत्या. त्यांनी त्या पाहिल्या नाहीत.

माझ्या पडद्यावर गाण्यांच्या दोन खिडक्यांखाली तिसरीही उघडता येते. ताईंनी ती कॅसेट तिथे ठेवली, आवाज शून्यावर करून. दादा जवळ बसल्यासारखे वाटते, असे त्यांनी आईला सांगितले.

त्या दिवसापासून माझे आकडे बिघडले. एकशे वीसचे गाणे लावले तर ते हळूहळू एकशे चारवर येई. नव्वदचे लावले तर तेही चढत चढत तिथेच. पट्टीसुद्धा सरके, दादाच्या त्या सुराकडे. ताईंनी सिंक बंद केले. कळेवरचा दिवा विझला, आकडा मात्र हलत राहिला. दुरुस्तीवाल्याने मला दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या खिडकीला मुख्य घड्याळ, म्हणजे सगळ्यांना वेग देणारी, नेमले गेले असेल, बाकी गाणी तिच्यामागे जाणारच, एवढेच त्याचे म्हणणे. त्याने ते काढून टाकले. त्याच्या दुकानात मी शहाण्यासारखा वागलो. हॉलमध्ये परत आलो आणि पहिल्याच गाण्याला एकशे चार.

मग माणसे बदलू लागली. आधी कुणी भरभर फिरे, कुणी रमतगमत, पोरेटोरे मधूनच आडवी घुसत. आता चाळीस जणांचा उजवा पाय एकदम पडू लागला. सगळ्या फळ्यांतून एकच दणका येई. हसणे, हाका मारणे थांबले. फिरणाऱ्यांच्या नजरा समोरच्याच्या पाठीवर खिळलेल्या असत. बाकावर बसलेल्या आई एकदा पुटपुटल्या, "तो आला वाटतं."

एका शनिवारी दुपारी आई उठल्या. पायात साध्या चपला. दारातून थेट स्केटिंगच्या फळ्यांवर उतरल्या आणि ओट्याकडे चालू लागल्या, त्याच ठोक्यावर, एकेक पाऊल. फिरणारे त्यांच्या अंगावर येत होते आणि कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हते. एका धिप्पाड माणसाचा खांदा त्यांच्या पदराला घासून गेला. ताईंनी हाका मारल्या. कुणी मान वळवली नाही. त्यांनी मला थांबवले. मी थांबलो, मित्रांनो, शपथेवर सांगतो. तिन्ही खिडक्यांतल्या लाटा जागीच उभ्या राहिल्या, कर्णे गप्प झाले. पण पाय थांबले नाहीत. धप्, धप्, धप्, एकशे चार.

ताईंनी माझ्याकडे पाठ फिरवली. माइक जवळ ओढला, डोळे मिटले आणि बोटाने माइकवर ठोका दिला. पहिले काही चुकले. मग एक पायांवर बरोबर बसला. दुसरा, तिसरा. आता बोट आणि पाय यांचा एकच आवाज होता. पुष्कळ वेळ त्यांनी तसेच चालू दिले. मग अगदी कळत नकळत त्यांनी वेग उतरवायला घेतला. एकशे तीन. एकशे एक. पाय क्षणभर अडखळले आणि बोटाच्या मागे आले. नव्वद. सत्तर. पन्नास. शेवटचा ठोका पडला आणि चाळीस माणसे जागच्या जागी उभी राहिली, झोपेतून उठवल्यासारखी. मधोमध आई उभ्या होत्या. अंगावर ओरखडाही नव्हता.

ताई धावत खाली गेल्या.

"का थांबवलंस त्याला? किती छान वाजवत होता," आई म्हणाल्या.

ताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "शेवटचं मी वाजवलं, आई."

आईंनी मुलीचे ते बोट चाचपून पाहिले. मग म्हणाल्या, "मग तुलाही येतं की गं." आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडल्या.

ताईंनी त्याच संध्याकाळी कॅसेट आणि गाणी, सारेच माझ्यातून पुसले आणि मला मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवले. त्यानंतर त्या कानानेच वाजवू लागल्या. कधी सांधा चुके, कुणी पडे, हसे आणि उठे. मला ते भिंतीपलीकडून ऐकू येई. सहा वर्षे कुणी मला फडके लावले नाही. मी रागावलो नाही.

उद्या ताई मला शेजारच्या नृत्यवर्गाला देणार आहेत. तिथे तुमच्यासारखी मुले असतील. मित्रांनो, मला झटकून-पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. तुम्ही जे माझ्या स्वाधीन कराल ते मी मोजतो आणि बाकी सगळे त्याला जुळवतो. जुळवलेले सोडून देणे मला येत नाही. ते माझ्यात कुणी घातलेच नाही. म्हणून वेग मी सांगितला तरी आधी गाणे तुम्ही स्वतः ऐका. काल ताईंनी चालतो का बघायला मला सुरू केले, तेव्हा माझ्यात एकही गाणे नव्हते. तिसरी खिडकी आपोआप उघडली. ती रिकामी होती, आणि कॅसेट थांबल्यावरच्या त्या सात रेघांपुढची आठवी रेघ तिच्यात उमटली.