हळदीसाठी जपलेली कवळी

कडेगावच्या त्या भावकीत बनुबाईंनी गाणं धरल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. पण दोन वर्षांत एकेक करून सगळे दात गेले, शब्द ओठांतच भिजू लागले, आणि बनुबाई बायकांच्या मागच्या रांगेत जाऊन गप बसायला लागल्या. आता तर पोटच्या लेकीची, हौसाची, हळद आठ दिवसांवर आलेली. तेवढ्यासाठीच मालकांनी, लालासाहेबांनी, माघात त्यांना सांगलीला नेऊन कवळी करून आणली होती.

थोरली सून विजयमाला तेव्हा बाळंतपणाला साताऱ्याला, माहेरी. पाच महिन्यांच्या कृष्णातला कडेवर घेऊन ती परत आली, तर सासूबाई आपल्या भाकरी दुधात कुस्करून खातायत.

"आत्याबाई, कवळी कुठाय?"

"हाय की. ट्रंकंत."

"ट्रंकंत?"

"शालूच्या घडीत ठेवलीया. वर लिंबाचा पाला. हळदीदिशी घालायची, तवर नवीच्या नवी ऱ्हाईल."

विजयमालाला हसू आलं, पण सासूबाईंचं तरी काय चुकलं? या घराची रीतच तशी. शालू वीस वर्षांत चारदा नेसलेला. स्टीलच्या ताटावरचा कागदसुद्धा अजून कुणी काढला नव्हता. चांगली वस्तू टिकवायची म्हणजे ठेवायची.

"एकदा घालून तर बघा."

बनुबाईंनी कवळी बसवली, पदर सारखा केला आणि ओवी धरली. पहिल्याच शब्दाला शीळ वाजली. दुसऱ्या शब्दाला वरची कवळी सुटून खालचीवर खट्‌कन आपटली. हौसा खो खो हसत सुटली, पण आईच्या तोंडाकडं नजर जाताच थबकली.

बनुबाईंनी कवळी काढून मुठीत धरली. "ऱ्हाऊ दे. सुलाबाईला सांगा गानं धराय."

सुलाबाई म्हणजे त्यांची जाऊ. त्या एका वाक्यानं घरातलं लग्नच विझल्यागत झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं सासू-सून सांगलीत हजर. कृष्णात मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेतली, हुंगली.

"आजी, हिला कडुलिंबाचा वास कसा?"

बनुबाईंनी मोठ्या दिमाखात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, कवळी ठेवून टिकत नाही, वापरून टिकते. कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो. मी माघात सांगितलं होतं ना?"

"सांगितलं असंल. आमचं मालक ऐकत हुतं."

"ते तर बाकावर घोरत होते!"

दुपारपर्यंत त्यांनी कवळी भिजवली, घासली, पुन्हा पुन्हा बसवून पाहिली. मग विजयमालाला जवळ बोलावलं. रोज घालायची. जेवण झालं की मऊ ब्रशनं धुवायची, तीही खाली पाण्याची परात ठेवून, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. राख नको, मिश्री नको, उकळतं पाणी तर मुळीच नको. झोपताना काढून गार पाण्यात. आणि सहा महिन्यांनी दाखवायला आणायची.

"आनि गानं?" बनुबाईंचा जीव तिथंच अडकलेला.

"बोला. दिवसभर बोला. जीभ आपोआप शिकते."

घरी हे ऐकून लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. "तीस वरसं दुसरं काय चाललंय?"

दुसऱ्या दिवसापासून बनुबाई म्हशीशी बोलल्या, चुलीशी बोलल्या, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून त्याच्या गावचा पाऊस विचारला. कृष्णातला समोर बसवून "साखर, शेंगा, सुपारी" घोकलं. दर शिळेला बाळ बोळकं उघडून खिदळायचं. तिसऱ्या दिवशी हिरडीला फोड आला. विजयमालानं मिठाच्या पाण्याच्या चुळा दिल्या. संध्याकाळी बघते तर सासूबाई ट्रंकेपुढं उकिडव्या बसलेल्या.

"आत्याबाई!"

"दुखतंय गं. आन् झिजली म्हंजी?"

विजयमाला त्यांच्याशेजारी टेकली. "झिजू दे की. दुसरी करू. पण हौसाताईंची हळद काय दुसऱ्यांदा हाय?"

 ट्रंकेचं झाकण बनुबाईंनी स्वतःच लावलं. रात्रभर कवळी तांब्यात गार पाण्यात राहिली आणि सकाळी पुन्हा तोंडात गेली.

हळदीच्या सकाळी मांडवात बायका दाटल्या. हौसा पाटावर बसली. सुलाबाईनं घसा खाकरला, एवढ्यात पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज उठला,

*पैली गं हळद, हळकुंड सांगलीचं*
*हौसाच्या माथ्यावर, छत्तर सावलीचं!*

शीळ नाही, अडखळ नाही. सगळ्याजणींनी मागून तीच ओळ एकदम उचलली. बनुबाईंनी दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. साताऱ्याच्या व्याह्यावर, विजयमालाच्या वडलांवर, एक रचली, त्याच्या मिशीवर दुसरी. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं.

"बने, दम घे की! मला एक तरी म्हनू दे," सुलाबाई कळवळली.

"म्हन की, कोन नको म्हनलंय?" म्हणत बनुबाईंनी नववी धरली.

विजयमालानं डोळे पुसले ते हळदीच्याच हातांनी. पाटावरच्या हौसाच्या गालांवर हळद कधीच वाळून गेली होती, आणि प्रत्येक ओवीला ती इतकी हसत होती की त्या पिवळ्या लेपाला जागोजाग भेगा पडत होत्या.