ताटातला शेवगा

राजूरच्या उषाबाईंची सून सासरी आली ती मांडीवर शेवगा घेऊन. शेंगा नव्हेत, अख्खं झाड. जेवणाच्या ताटाएवढ्या उथळ कुंडीत लावलेलं, वीतभर उंच, अंगठ्याएवढ्या बुंध्याचं. गाडीतल्या बायकांना वाटलं, माहेरची तुळस असेल. उतरल्यावर शेवगा निघाला, मग काय, गावाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोकांच्या सुना कपाट आणतात, कूलर आणतात. उषाबाई-कारभारींच्या सुनेनं बांधावर फुकट उगवणारं झाड आणलं, तेही खुरटलेलं!

उषाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना एकुलता एक मुलगा कल्याण, लेक नव्हती. सून आली की घरात बोलायला कुणीतरी होईल, या आशेवर त्यांनी वर्षं काढली होती. आणि ही तृप्ती! जालन्यात वाढलेली, शिकलेली, कामाला चोख. पण तोंडाला कुलूप. काही विचारलं की "हो आई", नाहीतर "चालेल आई". कुलूप उघडायचं ते फक्त झाडापाशी.

"वडाचा, पिंपळाचा बोन्साय सगळेच करतात, आई," ती सांगायची. "शेवग्याच्या वाटेला कुणी जात नाही. तो थांबतच नाही ना! तार लावून वळवावं तर मोडतो. त्याला कापायचं, फुटू द्यायचं, परत कापायचं."

रोज सकाळी ती नखानं कोवळे कोंब खुडायची आणि उषाबाई मान फिरवायच्या. कपाशी म्हणा, वासरं म्हणा, कल्याण म्हणा, आयुष्यभर त्यांनी वाढवायचंच काम केलेलं. वर येणाऱ्याचं डोकं खुडायचं हे त्यांच्या जिवाला लागायचं. पण तेवढ्या वेळात पोरीचा चेहरा उजळायचा, म्हणून गप्प बसायच्या.

पहिलं बाळंतपण माहेरी. दिवाळी झाली आणि तृप्ती जालन्याला निघाली. निघताना तिनं कुंडी सासूच्या हातात दिली. "एवढं सांभाळा, आई. पाणी घालायचं, कोंब खुडायचे. बाकी काही नको."

या घरात तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. उषाबाईंनी मनातल्या मनात गणपतीची शपथ घेतली.

थंडी पडली आणि झाडाची पानं पिवळी पडून झडायला लागली. रानातले शेवगेही झडत होते, पण तिकडे कोण बघतंय? उषाबाईंना दिसली ती ताटात उभी असलेली उघडी काडी. त्यांनी झाड कुंडीतून उचलून बघितलं, तर मुळं जागा नसल्यासारखी एकमेकांत गुंतलेली.

"उपाशी हाय हे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मंग फोन कर की सूनबाईला," कारभारी म्हणाले.

"पोटुशी पोर ती. तिला सांगू काय, झाड मेलं म्हणून?"

त्यांनी न्हाणीच्या मागं, जिथं आंघोळीचं पाणी जातं, तिथं खड्डा केला, घमेलंभर शेणखत टाकलं आणि शेवगा लावून दिला. जीव धरला की परत ताटात ठेवू, कुणाला कळणार आहे!

शेवग्यानं जीव धरला. धरला कसला, सुटलाच! बघता बघता कमरेला आला, मग डोक्याच्या वर गेला आणि उन्हाळ्यात न्हाणीच्या पत्र्यावरून गल्लीत डोकावायला लागला. मधे एकदा उषाबाई कुदळ घेऊन गेल्या होत्या. बुडाशी उकरलं तर मुळ्यासारखं जाडजूड मूळ खोल गेलेलं. तशाच परत आल्या.

तृप्तीला मुलगी झाली. फोनवर बाळाचं सगळं सांगून झालं की ती विचारायची, "आणि झाड?"

"मजेत हाय," उषाबाई म्हणायच्या. हे खोटंही नव्हतं, त्यामुळं जास्तच टोचायचं. नातीला बघायला जीव आसुसला होता आणि सून येणार म्हटलं की त्या न्हाणीमागं जाऊन झाडाकडं बघून यायच्या. पोरगी एवढं एकच मागून गेली होती. आता ही आपल्याशी कायमची मिटून जाणार, हीच धास्ती.

तृप्ती आली. बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी तिची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली. तिथं रिकामं ताट होतं.

"आई, झाड?"

उषाबाईंनी नुसतं न्हाणीकडं बोट केलं.

तृप्तीनं वर बघितलं. पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड, त्यावर मधमाश्या. या वेळी ती "चालेल आई" म्हणाली नाही.

"जमिनीत लावलंत? मला विचारलं पण नाही? किती वर्षं सांभाळलं मी ते! तुमच्या घरात माझं म्हणून तेवढंच होतं!"

आवाज गल्लीपर्यंत गेला. कारभारींना अचानक बाहेरचं काम आठवलं. उषाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"पानं झडून गेल्ती गं माय. मला वाटलं, मरून राह्यलं. म्या झाडं वाढवलेली हायेत, थांबवलेली न्हाईत."

"थंडीत झडतातच त्याची पानं!"

उषाबाईंनी पदरानं डोळे पुसले, आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. "घे. तुला पाहिजे तेवढं ठेव."

तृप्तीनं बाळ कल्याणकडं दिलं, झाडाच्या बुडाशी बसली आणि बुंध्यावरून हात फिरवला.

"ताटात एवढा बुंधा झालाच नसता," ती म्हणाली. आवाजात राग होताच. "असं करतात, आई. जमिनीत लावून बुंधा जाड करतात, मग कापतात. मला माहीत होतं. पण आमच्या जालन्याच्या खोल्यांना जमीनच नव्हती."

तृप्तीनं गुडघ्याएवढ्या उंचीवर करवत लावली. उषाबाईंनी बुंधा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले. नरम लाकूड ते, किती वेळ लागणार? फुलांसकट अख्खं झाड अंगणात आडवं झालं.

मग उषाबाईंनी पाला ओरबाडला. अंगावर पाजणाऱ्या बाईला शेवग्याच्या पाल्यासारखं दुसरं काही नाही. संध्याकाळी लसूण घालून भाजी केली. तृप्तीनं ती दुसऱ्यांदा मागून घेतली.

खोड पुढच्या वर्षी कुंडीत घ्यायचं ठरलं. तोवर ते कसलं ऐकतंय, चहूबाजूंनी फुटलं. एका सकाळी तृप्ती बाळाला पाजत बसली होती.

"आई, वरचा कोंब खुडा."

"तू खुड उद्या."

"उद्यापर्यंत हातभर होईल तो. आपल्या जमिनीतला आहे, थांबतोय होय!"

उषाबाई वाकल्या. कोवळा, लुसलुशीत कोंब. "माफ कर रे बाबा," त्या पुटपुटल्या आणि नख लावलं.

"बराबर?"

"बराबर. आता डावीकडचा."

उषाबाईंनी तोही खुडला. टाकला मात्र एकही नाही. दोन्ही पदरात घेतले, सुनेच्या भाजीला.