केसरबाईंच्या कुशीतली पोर

कन्नडच्या घाटात दरड कोसळली आणि बाजारातून परतणाऱ्या दोन जिपा तिच्याखाली सापडल्या. जखमींना मिळेल त्या गाडीत घालून शहरातल्या निरनिराळ्या दवाखान्यांत पोचवलं. हर्सूलकडच्या दवाखान्यात शाइस्ता मुलांच्या वॉर्डाची सिस्टर होती. तिच्याकडे तीनेक वर्षांची एक मुलगी आली, एकटीच. अर्ध्या चेहऱ्याला पट्टी, अंगभर चिखल, तोंडातून शब्द नाही.

अशा वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण दवाखान्यातल्या सगळ्यांना पावसाळ्याआधीच मिळालं होतं. शिकवायला आलेल्या अमृता मॅडमनी बजावलं होतं, एकट्या मुलापाशी कायम कुणीतरी बसा, फोटो बाकीच्या दवाखान्यांना पाठवा, आणि खातरजमा झाल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती देऊ नका. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

शाइस्तानं फोटो पाठवला, तेवढ्यात एक हात गळ्यात बांधलेली केसरबाई नावाची म्हातारी आत घुसली.

"विशाखा! माझी बाय!"

तिनं धड असलेल्या हातानं पोरीला छातीशी ओढलं. पोरगीही तिला घट्ट बिलगली.

"आजी, नात आहे का तुमची?"

"मंग कुनाची? जीपमधी माझ्याच मांडीवर व्हती," केसरबाई म्हणाल्या.

मोठे डॉक्टर, इंद्रजीत सर, खाटा मोकळ्या करायच्या घाईत होते. "सिस्टर, पोर कशी चिकटलीय बघा. अजून काय पाहिजे? जाऊ द्या त्यांना."

शाइस्ता होकार देणारच होती. तोच पोरीचे ओठ हलले. "अम्मी, पानी होना."

शाइस्ताच्या घरची दखनी बोली होती ती; पोर आईकडे पाणी मागत होती.

"तापात बरळती," केसरबाई घाईनं म्हणाल्या.

शाइस्तानं नकार दिला. तशी दारातून केसरबाईंच्या गावचा कडुबा ओरडला, "आमची पोर आमाला का देत नाय? तुमच्यातली करायची का तिला?"

डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळले. शाइस्ता दारात स्टूल टाकून बसली. "आजी, तिला मांडीवर घ्या, पाणी पाजा. पण या दारातून ती बाहेर जाणार नाही."

बराच वेळ गेला. मग दुसऱ्या दवाखान्यातून फोन आला. तिथं आणलेल्या एका लहान मुलीला केसरबाईंच्या शेजारणीनं ओळखलं होतं, ती केसरबाईंची विशाखा. वाटेतच गेली होती.

शाइस्ता खाली बसली, केसरबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं सांगितलं. म्हातारी रडली नाही.

"उचलली तवाच कळलं व्हतं गं. आमची अंगानं हलकी. पर हिनं गळा धरला, मंग सोडवंना."

दरडीत जखमी झालेल्या बायकोच्या दवाखान्यात तो फोटो पाहून शहागंजचा मोईन धावत आला. शाइस्तानं त्यालाही दारातच अडवलं. तो धापा टाकत म्हणाला, "जोहरा नाम है. दाएं पाँव पे इस्त्री का दाग." शाइस्तानं पोरीचा उजवा पाय पाहिला, भाजल्याची खूण पटली. "अब्बा!" पोरीनं हात पसरले. केसरबाईंनी आपणच तिची बोटं पदरातून सोडवली.

"लई घाबरलीया," त्या मोईनला म्हणाल्या. "खाली ठेवू नगा."

त्यानं हात जोडले.

कडुबा खाली मान घालून आला. "सिस्टर, म्हातारीला तिकडं न्यायला गाडी मिळंल का?"

शाइस्तानं ॲम्ब्युलन्स मागवली, वॉर्ड दुसऱ्या सिस्टरकडे सोपवला आणि स्वतःही आत चढली. शवागाराच्या दाराशी केसरबाई थांबल्या. त्यांनी शाइस्ताचा हात धरला.

"तू म्होरं व्हय, लेकी," त्या म्हणाल्या. शाइस्ता पुढे झाली.