सातझरीची अकरा चित्रे

वैशाखातल्या सकाळी नऊलाच चंद्रपूरचे आकाश तापल्या तांब्याच्या पातेल्यासारखे उपडे पडलेले असते. निळाई करपलेली. क्षितिज कोळशाच्या भुकटीने काजळलेले. त्या काजळलेल्या क्षितिजावर चिमण्यांचा धूर उभा, आळसावलेला, राखाडी, स्वतःच्याच भाराने वाकलेला. रस्त्याकडेचा गुलमोहर तेवढा लालभडक; पण तो लाल रंगही फुलाचा वाटत नाही, विस्तवाचा वाटतो.

त्या विस्तवाच्या गावात, दक्षिणेकडच्या एका कौलारू घरात, हेमांगी पिंपळशेंडे टेबलावर एक ग्राफिक्स कार्ड उघडून बसली होती. चौतीस वर्षांची, कृशांगी, करारी डोळ्यांची. नकाशे काढणे हा तिचा व्यवसाय. आणि गेले चौदा महिने एकच नकाशा तिच्या मनात वाहत होता.

तो नकाशा सातझरीचा होता. सातझरी म्हणजे बोरडोहचा नाला. बोरडोह म्हणजे तिच्या आईचे माहेर. मोहाच्या सावल्या पांघरून, पळसाच्या मुळांशी कुजबुजत, काळ्या खडकांवरून शुभ्र उतरणारा तो नाला हेमांगीने लहानपणी ओंजळीने प्यायला होता. आता त्याच्या उगमावर खाणीच्या मातीचा डोंगर उभा होता. आणि त्या डोंगराला अजून जागा हवी होती.

जागा मागणाऱ्या अहवालात एक वाक्य होते. प्रकल्पक्षेत्रात नैसर्गिक जलप्रवाह नाही. चार शब्द. चार शब्दांत एक नाला नाहीसा. त्याच्या काठची लव्हाळी नाहीशी, त्यात बुडवलेल्या घागरी नाहीशा, त्यात पोहून मोठी झालेली अख्खी पिढी नाहीशी.

ते वाक्य वाचल्या दिवशी हेमांगी जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी कामाला लागली. जुने नकाशे मिळवले. जमिनीचे चढउतार मोजले. म्हाताऱ्या माणसांना बोलते करून पाणी कुठे गुडघाभर होते, कुठे कमरेइतके, कुठे डोहात काळे होत होते, ते लिहून घेतले. त्या साऱ्यातून तिने संगणकात सातझरी पुन्हा वाहती केली. जनसुनावणीत दाखवायला पाच मिनिटांची चित्रफीत; एकापाठोपाठ एक धावणारी सात हजार दोनशे चित्रे; आणि प्रत्येक चित्रात पाणी एक बोट पुढे.

ही चित्रे रचण्याचे काम त्या ग्राफिक्स कार्डाचे. पण कार्ड दहा मिनिटांत तापायचे, त्याचे पंखे पिसाळल्यासारखे घोंघावायचे, आणि पडदा काळा व्हायचा. सेवा केंद्राला तिने अकरा दिवस फोन केले. शेवटी उत्तर आले, की यंत्रात दोष नाही. तुमच्या खोलीचे तापमानच मर्यादेबाहेर आहे.

म्हणजे दोष गावाचा. दोष उन्हाचा. ज्या गावाच्या पोटातला कोळसा जळतो म्हणून दूरच्या शहरांतल्या खोल्या शीतल राहतात, त्या गावाने तापू नये, अशी त्या शीतल खोल्यांची अपेक्षा. हेमांगीच्या कानशिलांत रक्त ठणकू लागले होते, आणि ते ठणकणे गेले चार दिवस थांबले नव्हते.

म्हणून तिने स्वतःच कार्डाला पाण्याचा गारवा द्यायचे ठरवले. कार्डावरचे मूळ पंखे काढायचे, चिपवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, नळ्या जोडायच्या; ठोकळ्यातून फिरणारे पाणी चिपची उष्णता वाहून नेईल. नाल्याची चित्रे रचणाऱ्या यंत्राला पाणीच वाचवणार होते. सुनावणीला चार दिवस होते. चित्रांना तीन दिवस पुरे होते.

तिने टेबलावर धुतलेले पांढरे धोतर अंथरले. स्क्रू एकेक करून बशीत ठेवले. चिपवरचा जुना उष्णतावाहक लेप हलक्या हाताने पुसला. आणि मग ती चिप दिसली. नखाहून थोडी मोठी, आरशासारखी काळी चकाकती, अबोल. इतक्याशा काळ्या काचेत इतका पाऊस मावतो, इतके जंगल मावते, याचे तिला क्षणभर नवल वाटले. श्वास रोखून तिने नवा लेप लावला. श्वास रोखून ठोकळा टेकवला. चार कोपऱ्यांना चार स्क्रू अडकवले.

दारात बाबा उभे होते. नामदेवराव पिंपळशेंडे, त्याच खाणीच्या पंपघरातून निवृत्त झालेले फिटर. बोटे अजून ग्रीसच्या रंगाची.

"समोरासमोरचे घेजो, माय," ते म्हणाले. "थोडा हा, थोडा तो. एकाच बाजूनं आवळू नको."

"माहीत आहे, बाबा."

बाबा विहिरीकडे गेले. हेमांगीने पहिल्या स्क्रूला पेचकस लावला, आणि फोन वाजला. सेवा केंद्राचा नंबर. त्यांच्याकडून आपणहून आलेला हा पहिलाच फोन. कुणास ठाऊक, त्यांचे मत पालटले असेल. तिने फोन खांदा आणि कान यांच्यात धरला.

"नमस्कार मॅडम," मधाळ, घोटीव आवाज. "आपली तक्रार यशस्वीपणे निकाली निघाली आहे. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, हे एक ते पाचमध्ये सांगाल का?"

"निकाली? कार्ड बंद पडतंय अजून."

"हो मॅडम. पण तक्रार निकाली आहे. एक ते पाचमध्ये सांगा."

"तुमच्याकडे शून्य आहे का?"

"नाही मॅडम. एकपासून सुरू होतं."

संताप असा असतो. तो डोक्यात उसळतो आणि हाताला कळत नाही. हेमांगीचे ओठ बोलत होते, कान ऐकत होते, डोळे भिंतीवर खिळले होते. आणि उजवा हात, विसरलेला, बेवारशी, एकाच कोपऱ्याचा एकच स्क्रू फिरवत होता. फिरवत होता. फिरवत होता.

कट्.

वाळक्या काडीहूनही लहान आवाज. एखाद्या पाखराने बी फोडावे तेवढाच. फोनमधला आवाज अजून एक ते पाच म्हणत होता. हेमांगीने फोन बंद केला. ठोकळा काढला. चिपच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता; आणि त्या टवक्यापासून एक केसाएवढी रेघ, सरळ, निर्दय, काळ्या आरशाच्या आरपार गेली होती.

तरीही तिने सगळे जोडून पाहिले. खोटी आशा हीसुद्धा एक रीत असते, ती पाळावी लागते. कार्ड उठले नाही. पाणी नळ्यांतून निरर्थक झुळझुळत राहिले.

बाबा आले. त्यांनी चष्मा चढवला, ठोकळा पुन्हा उतरवून कार्ड उजेडाकडे धरले आणि चिप बराच वेळ पाहिली.

"एकाच कोपऱ्यावर भार आला," ते हळूच म्हणाले. "फुटतेच मग."

ते रागावले असते तर बरे झाले असते. पण ते शांत होते, आणि बरोबर होते. आणि त्या क्षणी हेमांगीला जगातली कोणतीही बरोबर गोष्ट सहन होणार नव्हती.

"तुम्ही नका शिकवू मला आवळायचं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं तुमचेच पंप चालले त्या खाणीत. नाला कुणी पिऊन टाकला ते मी कागदोपत्री शोधत बसले, आणि पिणारा माझ्याच घरात जेवतोय."

उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता. बाबा त्या चौकोनाकडे पाहत राहिले. मग कार्ड त्यांनी धोतरावर ठेवले, जपून, झोपलेल्या लेकराला ठेवावे तसे, आणि बाहेर गेले.

हेमांगी रडली नाही. रडायला वेळ नव्हता, आणि रडू यावे इतका राग ओला नव्हता. तो कोरडा होता, भेगाळलेल्या शेतासारखा, काठाकाठाने धारदार. राग त्या मधाळ आवाजावर, त्या चार शब्दांवर, बापावर. आणि साऱ्यांच्या तळाशी, सगळ्यात जळजळीत, स्वतःच्या उजव्या हातावर.

सगळे काम संगणकात शाबूत होते. फक्त चित्रे भराभर रचणारे कार्ड गेले होते. कार्डाविना संगणक चित्र रचू शकत होता, पण गोगलगायीच्या गतीने. एकेका चित्राला सहा तास. तिने हिशेब मांडला. छपाईचा एक दिवस सोडला तर सुनावणीपर्यंत बारा. बाराव्याच्या ऐन मध्यावर वीज गेली, आणि अकराच उरली.

सात हजार दोनशेंतून अकरा निवडायची होती. उगम, मोहाची सावली, घागरींचा घाट, काळा डोह. अकरा क्षण थिजलेले, अकरा ठिकाणी पाणी थांबलेले. तिने ती मोठ्या कापडी कागदावर छापून आणली. या तीन दिवसांत बापलेकीत शब्द झाला नाही. बाबा तिचे ताट झाकून ठेवत. ती जेवून ताट धुऊन ठेवी.

बोरडोहच्या शाळेपुढे मांडव घातला होता. उन्हाने पांढरा, माणसांनी काळा. आधी खाणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची चित्रफीत दाखवली. तीत बासरी वाजत होती, हिरवी झाडे डोलत होती, मुले हसत होती. बोरडोहच्या लोकांनी ती निमूट पाहिली. आपल्याच गावाचे नाव घातलेले कुणा परक्याचे स्वप्न पाहावे तशी.

मग हेमांगीचे नाव पुकारले गेले.

"तुमची फिल्म?" व्यासपीठावरच्या उपजिल्हाधिकारी बाईंनी विचारले.

"फिल्म नाही. यंत्र माझ्या हातून फुटलं. चित्रं आहेत, अकरा."

तिने गावकऱ्यांना हाक दिली. दहा जण उठले, रांगेत उभे राहिले. दहा जणांनी दहा चित्रे धरली. अकरावे, काळ्या डोहाचे, तिच्या हातात राहिले. ते स्वतः धरावे, की त्याबद्दल बोलावे, तिला उमगेना.

खाणीचा एक अधिकारी उठला. "मॅडम, ही काल्पनिक चित्रं आहेत. संगणकावर काहीही काढता येतं. इथे नाला असल्याचा पुरावा नाही."

हेमांगीच्या कानशिलांत पुन्हा रक्त ठणकले. पण तिने तोंड उघडण्याआधी मांडवाच्या मागच्या टोकाला एक खुर्ची सरकली. बाबा चालत येत होते. पांढरा सदरा, ग्रीसच्या रंगाची बोटे, सावकाश पावले. त्यांनी लेकीच्या हातातले चित्र घेतले, रांगेच्या टोकाला उभे राहिले, आणि ते छातीशी धरले.

"मी नामदेव पिंपळशेंडे," ते म्हणाले. "याच खाणीत पंप फिटर होतो. एकतीस वर्षं मी खाणीत झिरपणारं पाणी उपसून फेकलं. पावसाळ्यात तर फेकलंच, भर मे महिन्यातही फेकलं. रोजची नोंद आहे, माझी सही आहे. इथं नाला नव्हता म्हणता, तर मग ते पाणी कोनाचं होतं, साहेब?"

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. अधिकारी कागद चाळू लागला, पण त्याला हवे ते पान सापडेना. बाई लेखनिकाकडे वळून म्हणाल्या, "हे जसंच्या तसं लिहून घ्या. पंपघराच्या नोंदवह्या मागवा. जागेची पाहणी झाल्याशिवाय अहवाल पुढे जाणार नाही."

हेमांगीने बापाकडे पाहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते समोर पाहत होते, ताठ, घामाने निथळत, डोह छातीशी धरून. ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि चित्राचा वाकलेला कोपरा तिने आपल्या उजव्या हाताने धरला.

तेवढ्यात मांडवाची कनात उचलून उन्हाची झळ आत शिरली. धुळकट, रखरखीत, दुपारची झळ. पहिले चित्र थरारले. त्याच्या शेजारचे थरारले. रांगेतल्या अकराही चित्रांतून, उगमापासून डोहापर्यंत, एक लाट सरकत गेली. आणि त्या कोरड्याठाक दुपारी, त्या तापल्या मांडवात, माणसांच्या हातांहातांवरून, मोहाखालून, घाटावरून, खडकांवरून, सातझरी हलली, झुळझुळली, वाहत गेली.