घरचा काटा

सासूबाईंनी काट्याची ताटली आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. कडेला चिकटलेले साखरेचे दाणे नखानं खरवडून काढले, वर मऊ चादरीची घडी अंथरली आणि जिन्याकडे बघून म्हणाल्या,

"आण गं तिला."

सून शेवटच्या पायरीवर उभी होती. जिना घरातून थेट दुकानात उतरत होता, त्यामुळे घरातलं भांडण दुकानात ऐकू यायचं आणि दुकानातला हिशेब घरात. तिनं पोरीला छातीशी धरलं होतं. पोरगी जागी होती, पण रडत नव्हती. स्वतःची मूठ तोंडात घालून चोखत होती.

दर आठवड्याला, गिऱ्हाईक कमी असताना, पोरीचं वजन दुकानातल्या काट्यावर व्हायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, बाळाचं पोट भरत नाही, अंगावरच्या दुधाच्या जोडीला वरचं दूध सुरू करा. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "त्यांचा काटा त्यांच्यापाशी. आपला काटा आपल्या आजेसासऱ्यांपासूनचा आहे. तो सांगेल ते खरं." वरच्या दुधाचे डबे दुकानातच होते, सगळ्यात वरच्या फळीवर, एकावर एक रचलेले. दुनियेला विकायला होते. घरातल्या बाईला ते लागावेत ही गोष्ट सासूबाईंच्या घशाखाली उतरत नव्हती.

पण त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. मागच्या आठवड्यात काटा जिथं थांबला, तिथं त्यांनी तबकडीच्या काचेवर खडूनं ठिपका काढला आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला काटा ठिपक्याच्या पुढं गेला नाही, तर मीच स्टुलावर चढून डबा काढून देईन. मग तर झालं?"

त्या ठिपक्यावर सुनेनं आठवडा काढला होता. दिवसभरात कितीदा तरी ती पायरीपर्यंत यायची आणि तिथूनच तो बघून जायची. पोरगी रडायला लागली की आधी सुनेच्या खांद्यांत कळ यायची, मग मानेत. पाजायला घेतलं की पोरगी ओढायची, सोडायची, किंचाळायची, पुन्हा ओढायची. सासूबाई समोर बसून बघायच्या. "दूध कुणाला कमी नसतं. मन लागतं त्यात. तुझं मनच नाही." असं रोज ऐकल्यावर तिलाही वाटायला लागलं होतं, की नसेलच. रडणं कानांवर येऊ नये म्हणून ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. मग दारावर थाप पडायची. "अगं, पाणी वाहतंय!" पोरगी रडतेय, असं कुणी म्हणायचं नाही.

एकदा जिन्याच्या वरच्या पायरीवर पोरीला घेऊन उभी असताना तिच्या मनात भलतंच काहीतरी येऊन गेलं. ती तशीच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि नवरा माल घेऊन येईपर्यंत उठली नाही. त्याला वाटलं, चक्कर आली असेल. तिनंही तसंच सांगितलं. त्या दिवसापासून जिना उतरताना ती भिंतीच्या बाजूनं उतरायची.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना मात्र काहीतरी दिसत असावं. काल ती पाणी प्यायला खाली आली, तेव्हा ते सुतळीचा गुंडा गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "उद्याची काळजी करू नकोस. मी आहे ना." या घरात आल्यापासून तिच्याशी कुणी इतक्या हळू आवाजात बोललं नव्हतं. तिला वाटलं, चला, एक माणूस तरी आपल्या बाजूनं आहे. रात्री तिला जरा झोपही लागली.

"आण ना, उभी काय राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या.

गल्ल्यापाशी शिवणकामवाल्या मावशी साखर घेऊन उभ्या होत्या. पुडा बांधून झाला होता, पण त्या हलत नव्हत्या.

"बाळाचं वजन बघूनच जाते. माझं काय, मशीन थोडीच पळून जाणार आहे?" त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी कसला काटा नि कसलं काय. एक पाय मशीनवर आणि मांडीवर पोर. चारही पोरं तशीच पोसली. शिवणीत एक टाका वाकडा गेला असेल तर सांगा."

"तेच सांगते हिला," सासूबाई म्हणाल्या. "आजकालच्या पोरींना सगळ्याचं टेन्शन."

नवरा पोत्यांच्या थप्पीवर बसून मोबाईल बघत होता. "आई, लवकर आटप. टेम्पो यायचाय."

सुनेनं पोरीचे कपडे उतरवले, टोपडं काढलं. चादरीवर ठेवताना पोरीच्या पाठीचे मणके तिच्या बोटांना लागले. सासरे पुढं झाले. पोर गडगडू नये म्हणून त्यांनी हात लावला. चार बोटं ताटलीखाली आणि अंगठा कडेवर.

काटा थरथरला, ठिपक्यापाशी आला, थांबला आणि मग हळूच पुढं सरकला. चांगला दोन बोटं पुढं.

"वाढलं!" सासूबाई ओरडल्याच. "अहो, वाढलं की हो!"

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" सासरे म्हणाले आणि सुनेकडे बघून ओळखीचं हसले.

लग्नाआधी सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. केसाएवढी रेघ पकडायची तिच्या डोळ्यांची सवय अजून मोडली नव्हती. अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं तिनं पाहिलं. पोर नुसतं धरायचं तर नख पांढरं पडत नाही.

सुनेनं पोरीला उचललं. सासूबाई तिच्याजवळ आल्या आणि एकदम त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, विस्कटलेले केस कानामागं सारले.

"मी बोलते, तोंड फाटकं आहे माझं. पण तुझ्याच भल्यासाठी बोलते गं. बघ, आलं ना दूध? आता ते डब्याचं खूळ मनातून काढून टाक. दोन महिने अशीच पाज, कशी गरगरीत होते बघ पोर."

"चला, तोंड गोड करा," मावशी म्हणाल्या.

"साखर तर तुमच्यापुढंच आहे, मावशी, काढा की," नवरा म्हणाला आणि सगळे हसले. सासरेही हसले.

सुनेच्या डोक्यावर सासूबाईंचा हात अजून होता. तो ऊबदार होता. या हातासाठी तिनं किती दिवस वाट पाहिली होती! आता नुसती मान खाली घालून वर निघून जायचं, एवढंच उरलं होतं. मग घरात कुणी बोलणार नाही, कुणी समोर बसून बघणार नाही. तिनं एक पाऊल जिन्याकडे टाकलंही.

तिच्या खांद्याशी पोरगी मूठ चोखत होती. चुक्‌, चुक्‌. मुठीत काही नाही, हे कळल्यावर तिनं तोंड दुसरीकडं वळवलं आणि गळ्यातल्या पदराची कड ओढायला लागली.

सून मागं वळली.

"बाबा, हे टोपडं धरा जरा."

"दे इकडं," सासऱ्यांनी एक हात पुढं केला.

"दोन्ही हातांनी धरा."

"टोपड्याला गं कशाला दोन हात?" ते हसत म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी दुसराही हात पुढं केला. तळहाताएवढं टोपडं दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले.

तिनं पोरीला पुन्हा चादरीवर ठेवलं, स्वतःचे हात काढून घेतले आणि एक पाऊल मागं सरली.

काटा थरथरला. ठिपक्याच्या अलीकडं थांबला. पोरीनं पाय झाडले, तो हलला आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला.

नवरा पोत्यांवरून उतरून आला आणि त्यानं तबकडीवर टिचकी मारली. काटा ढिम्म हलला नाही.

"काटा बिघडला की काय?" सासूबाई म्हणाल्या.

"बिघडला नाही, आई," सून म्हणाली. "आता बरोबर आहे."

सासूबाईंनी काट्याकडे पाहिलं, टोपड्याकडे पाहिलं आणि मग सासऱ्यांच्या हातांकडे पाहतच राहिल्या.

"अहो, तुम्ही?"

"घरात रोजची रडारड," सासरे टोपड्याकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, एकदा वजन भरलं की शांत होईल सगळं."

तेवढ्यात मावशींनी गल्ल्यावरचा आपला पुडा उचलला. हातात वरखाली करून पाहिला.

"शेठ," त्या अगदी सहज म्हणाल्या, "माझी साखर जरा परत तोला बघू."

"मावशी, म्हणजे काय?" नवऱ्याचा आवाज चढला. "तुम्ही आमच्यावर…"

"मी कुठं काय म्हणते, बाबा? तोला म्हटलं. पोर उचला आणि साखर ठेवा. आणि शेठ, तुम्ही असेच उभे राहा, टोपडं धरून."

"एवढ्या वर्षांचं आमचं दुकान!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "दाण्याची खोट काढली नाही कुणी. अहो, बोला ना काहीतरी! तोंड शिवलंय का?"

सासरे टोपडं धरून तसेच उभे होते. दारात आणखी दोन बाया येऊन थांबल्या होत्या. मावशी त्यांना काय झालं ते सांगत होत्या, आणि त्यात पोरीचं नाव नव्हतं.

सुनेनं पोरीला चादरीसकट उचललं. एका हातानं स्टूल फळीखाली ओढलं. वर चढताना तिनं पोरीला घट्ट धरून खांदा भिंतीला टेकवला. वरचा डबा काढला. उतरली. स्टुलाचा आवाज झाला, तरी कुणी वळून पाहिलं नाही.

मग ती भिंतीच्या बाजूनं जिना चढून वर गेली.

पाणी उकळून निवेपर्यंत पोरगी रडत होती. या खेपेला सुनेनं नळ सोडला नाही. ती तिला मांडीवर घेऊन ऐकत बसली. पहिला घोट गेल्यावर पोरीचे डोळे एकदम मोठे झाले, मग मूठ सैल पडली, मग एकेक बोट उघडलं.

खाली साखर तोलून झाली होती. आता डाळ चालली होती, मग चहा, मग कुणाचा तरी कालचा साबण. प्रत्येक वेळी ताटली टणकन वाजत होती. जिन्यावर एकदा पावलं वाजली. सासऱ्यांची असावीत. अर्ध्या जिन्यावर ती थांबली आणि परत खाली गेली.

नंतर सून उठून पाहायला गेली, तर टोपडं मधल्या पायरीवर नीट घडी करून ठेवलेलं होतं.